गरम सँडविच कोणाच्या वाट्याला?

अंड्याचं सँडविच करायला आता यंत्र मिळतं. खाली पाव, मध्ये फोडलेलं अंडं, वर पाव, झाकण बंद. पाच मिनिटांत बाहेरच्यासारखं सँडविच, असा दावा. दावा खराही आहे. फक्त ते एका वेळी एकच करतं. चौघांच्या घरात वीस मिनिटं.

पहिल्याने खाऊन हात धुतले तरी चौथा ताटकळतोच आहे.

याला सोय म्हणायचं?

दुसरा प्रकार मोबाइलवर. ‘सिक्रेट रेसिपी’, ‘हॉटेलवाले हे कधीच सांगणार नाहीत’. काय सांगणार नाहीत? अंडं, पाव, लोणी, चीज. हवा तर मांसाचा एक काप. पाच जिनसांत लपवायला जागा तरी कुठे असते?

त्या सँडविचमध्ये गुपित नाही, क्रम आहे. तो कळला की घरातली भांडी पुरतात. नाही कळला तर यंत्र आणा, सॉस आणा, महागातला पाव आणा. अंडं चिवटच होणार.

हा क्रम आला कुठून? कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा गावातून. तिथे हर्ब पीटरसन नावाचे गृहस्थ मॅकडोनाल्ड्सचं दुकान चालवत. मूळचे जाहिरातीच्या धंद्यातले. आवडीचा नाश्ता एग्ज बेनेडिक्ट. भाजलेल्या मफिनवर मांसाचा काप, त्यावर पाण्यात अलगद शिजवलेलं अंडं, त्यावर बलक आणि लोणी घोटून केलेला सॉस. पदार्थ उत्तम. पण ताटली हवी, काटा हवा, सुरी हवी आणि बसायला वेळ हवा.

सकाळी कामावर निघालेल्या माणसाकडे यातलं काय असतं?

पीटरसननी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हा पदार्थ हातात धरून खाता येईल असा करायला घेतला. तोवर त्या दुकानांत नाश्त्याची म्हणावी अशी यादीच नव्हती. तयार सॉस आणून पाहिला, तो ओघळला. मग त्याच्या जागी चीजची चकती आली. गरम अंड्यावर ठेवली की ती वितळते, पण जागा सोडत नाही. सॉसचं काम तिने केलं आणि बोटंही कोरडी राहिली.

उरलं अंडं. तव्यावर फोडलेलं अंडं वाट फुटेल तिकडे जातं. पाव गोल, अंडं वेडंवाकडं, म्हणजे पहिल्या घासाला नुसता पाव आणि तिसऱ्या घासाला सगळं अंडं शर्टावर. पीटरसननी लोहार गाठला. सहा कड्या एकत्र जोडलेला साचा घडवून घेतला, वर टेफ्लॉनचा थर. कड्यात अंडं, वर झाकण, पाण्याची वाफ. अंडं पावाच्या मापाचं झालं.

म्हणजे ज्याला जग आज एग मॅकमफिन म्हणतं, त्यातला खरा शोध एका लोखंडी कड्याचा आहे.

कंपनीचे सर्वेसर्वा रे क्रॉक सांता बार्बराला आले, तेव्हा पीटरसननी काय केलंय ते आधी न सांगता थेट समोर ठेवलं. क्रॉक नुकतेच जेवून आले होते, तरी दोन खाल्ली. या भेटीबद्दल त्यांनी आत्मचरित्रात स्वतः लिहून ठेवलंय. 1975 पर्यंत ते सँडविच अमेरिकाभर मिळू लागलं.

आता आपल्याकडची गोष्ट. 1996 मध्ये ही साखळी भारतात आली, आधी दिल्ली, मग मुंबई. इथे ती गाईचं आणि डुकराचं मांस विकत नाही. पीटरसनच्या मूळ सँडविचमध्ये मात्र कॅनेडियन बेकन होतं, डुकराच्या पाठीकडचं, कमी चरबीचं, खारवलेलं मांस. त्यामुळे ज्याला ते मूळ रूपात खायचंय, त्याला आपल्या शहरात घराशिवाय दुसरा काउंटर नाही.

तेव्हा घरी करण्यात कसला कमीपणा आहे? उलट मूळ वस्तू घरीच होते.

कडं कुठून आणायचं, हा पुढचा प्रश्न. लोक बाजारात ‘एग रिंग’ शोधतात. कोणी कांद्याची चकती लावतो, तिच्या खालून पांढरं ओघळतं. कोणी डबा कापून आणतो, त्याच्या कडेने बोट कापतं. कशाला हा उद्योग? मराठी घरात गोल, उथळ, पावाच्या मापाचा आणि वाफेवर चालणारा साचा आधीच आहे, तोही चार-चार खळग्यांचा.

इडलीपात्र!

फडताळातून काढा. मात्र ताटली नीट पाहून घ्या. काही ताटल्यांच्या खळग्यांना वाफेसाठी बारीक भोकं असतात. इडलीचं पीठ दाट, ते टिकतं. अंड्याचा पांढरा भाग क्षणात खाली उतरतो. बिनभोकांचीच ताटली घ्या. खळग्याला लोणी अथवा तेल नीट फासा, काठापर्यंत. खळगा उथळ असेल तर लहान अंडी निवडा, मोठं अंडं काठावरून सांडतं.

पाणी आधी खळखळू द्या. मग ताटली ठेवा, एकेका खळग्यात एकेक अंडं फोडा, सुरीच्या टोकाने बलक हलकेच फोडा. फोडायचा कशाला? सगळीकडे सारखा पसरतो, घास घेताना अंगावर येत नाही. साखळीतही बलक फोडतातच. वर झाकण. आच मध्यम. सहा मिनिटांनी झाकण उघडून पाहा. पांढरं दुधासारखं घट्ट आणि मधला पिवळा भाग दाबल्यावर हलत नसेल, तर झालं. नाही तर आणखी एक-दोन मिनिटं.

ताटली बाहेर काढल्यावर अर्धं मिनिट थांबा, मग चमच्याच्या काठाने कडा सोडवा. अंडं सुटतं ते गुळगुळीत, गोल, किंचित फुगीर. कडेला तपकिरी जाळी नाही, तळाला करप नाही.

करप नाही, कारण अंड्याला मोठी आच सोसत नाही. पांढरा भाग साधारण 62 अंशांच्या पुढे घट्ट व्हायला लागतो, बलक 65 ते 70 च्या दरम्यान. दोन्ही आकडे उकळत्या पाण्याच्या कितीतरी खाली आहेत. तापलेला तवा याच्या दुपटीच्या पुढे सहज जातो. तिथे प्रथिनं इतकी आवळतात की आतलं पाणी पिळून बाहेर टाकतात. चिवट अंडं म्हणजे पिळून काढलेलं अंडं. वाफ शंभराच्या पुढे जात नाही, त्यामुळे चूक झाली तरी बेताची होते.

आणि आपण काय करतो? तव्यातून धूर निघाल्याशिवाय अंडं फोडत नाही!

इडलीपात्र नसेल तर लहान तवा, झाकण आणि दोन चमचे पाणी. अंडं टाकलं, कडा धरल्या की बाजूने पाणी सोडा आणि लगेच झाकण लावा. आकार तेवढा गोल येणार नाही. उलथन्याने चारी कडा आत दुमडा, चौकोनी होईल. पावात बसल्याशी कारण.

मायक्रोवेव्हवाल्यांसाठी एकच वाक्य: बलक टोचल्याशिवाय अंडं आत ठेवाल तर ते फुटेल, कदाचित बाहेर काढल्यावर, तोंडासमोर.

अंडं ताजं हवं. यात तडजोड नाही. जुन्या अंड्याचा पांढरा भाग पाण्यासारखा पातळ होतो, ताज्याचा बलकाभोवती उंच, घट्ट उभा राहतो. ओळखायला वाडगाभर पाणी पुरे. आडवं तळाशी बसलं तर ताजं. उभं राहिलं तर जुनं, आजच नीट उकडून संपवा. तरंगलं तर टाकून द्या. कवचातून ओल बाहेर जाते, हवा आत शिरते, म्हणून जुनं अंडं हलकं होत जातं. पाच सेकंदांची ही तपासणी. भेंडीचं टोक मोडून पाहणारे आपण अंड्याचा ट्रे डोळे मिटून उचलतो.

पुण्यात मुख्यालय असलेली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती 1982 पासून शहरागणिक रोजचा भाव सांगते, तोही शंभर अंड्यांचा. ‘संडे हो या मंडे, रोज खाओ अंडे’ ही घोषणा तिचीच. भाव रोज कळतो, घोषणा तोंडपाठ आहे. अंडं किती दिवसांचं हे मात्र कोणी विचारत नाही. विचारा. दुकानदाराला सवय लागू द्या.

आता पाव. मूळ सँडविच इंग्लिश मफिनचं. नाव इंग्लिश असलं तरी अमेरिकेत ते रुजलं न्यूयॉर्कमध्ये. सॅम्युअल बाथ थॉमस नावाच्या इंग्रज स्थलांतरिताने ते 1880 मध्ये तिथे विकायला सुरुवात केली. यीस्टने फुगवलेलं पीठ, भट्टीऐवजी तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजलेलं. आतून जाळीदार. तिकडची जाणती माणसं ते सुरीने कापत नाहीत, काट्याने टोचून हाताने फाडतात.

फाडतात का? सुरी जाळी दाबून सपाट करते. फाडल्यावर पृष्ठभाग खडबडीत राहतो, उंचवटे तव्यावर कुरकुरीत होतात आणि खळग्यांत लोणी साठतं.

ही युक्ती लादी पावाला तशीच्या तशी लागू पडते. पाव सुरीने कापू नका. बाजूने बोटं घालून उघडा. लोणी पावाला लावा, तव्याला नको. मध्यम तव्यावर फाडलेली बाजू खाली ठेवा, हाताने हलका दाब द्या. दीड-दोन मिनिटांत सोनेरी. वरची बाजू भाजायची नाही, ती मऊच राहायला हवी. हात आणि ओठ तिला लागतात.

त्याहून सरस हवा असेल तर गोव्याची पोई. पोदेर, म्हणजे तिथला पाववाला, सकाळी सायकलवर घेऊन येतो ती. गोल, वर गव्हाच्या कोंड्याची भुकटी, आतून पोकळ, चावायला किंचित चिवट. मूळ मफिनच्या ती आपल्या नेहमीच्या पावापेक्षा पुष्कळ जवळ आहे. पोकळी असल्यामुळे अंडं आत सरकवता येतं, बाहेर सांडत नाही. गोव्यातली मंडळी या पोईत चोरिस, म्हणजे तिथलं मसालेदार सॉसेज, भरून कधीपासून नाश्ता करताहेत. त्यांना सांता बार्बराहून काही शिकायचं बाकी नव्हतं.

तोच चोरिस, थोडासा, अंड्याखाली घाला. नाही तर शीतगृहाच्या दुकानातून हॅमचा एक काप. नाही तर उरलेल्या खिम्याची चपटी टिक्की. मांस नको असेल तर नुसतं अंडं पुरे. मात्र टोमॅटोची जाड चकती घालू नका. तिचं पाणी पावात उतरतं आणि दोन मिनिटांची भाजणी वाया जाते.

चीजबद्दल लोक उगाच नाक मुरडतात. ‘प्रोसेस्ड’ म्हणे. इथे तेच हवं! साधं चेडार तापवलं तर तूप वेगळं आणि गोळा वेगळा. प्रोसेस्ड चीजमध्ये सायट्रेट किंवा फॉस्फेट क्षार असतात, ते स्निग्धांश आणि प्रथिनं एकत्र बांधून ठेवतात. स्वित्झर्लंडमध्ये 1911 मध्ये ही युक्ती सापडली, अमेरिकेत चीजचा धंदा करणाऱ्या क्राफ्ट यांना 1916 मध्ये त्यांच्या पद्धतीचं पेटंट मिळालं. रोज किलोभर खाऊ नये हे खरं. पण एका सँडविचला एक चकती, तिथे महागड्या चीजचा हट्ट म्हणजे चव घालवायची आणि पैसेही.

लोणी खारं, चीज खारं. मीठ घालू नका. मिरपूड मात्र ताजी कुटा.

हिशेब? अंडं सात-आठ रुपये, चीजची चकती पंधरा, लोणी पाच-सहा, पाव चार-पाच. पस्तीसच्या आसपास. मागे एका विमानतळावर मी याच वस्तूचे दोनशे ऐंशी दिले. पाव थंड, चीज घट्ट, अंड्याला निळसर कडा. पैसे गेल्याचं वाईट वाटलं नाही. शेजारच्या बाकावरचा मुलगा आईला म्हणाला, ‘मला अंडं आवडत नाही.’ त्याने अंडं खाल्लंच कुठे होतं?

आता शेवटची पायरी. हिच्यावाचून घरचं सँडविच बाहेरच्यासारखं लागत नाही, आणि हीच सगळे गाळतात.

कागद.

भाजलेल्या पावाचा खालचा अर्धा, त्यावर चीज, चीजवर गरम अंडं, वर पावाचा दुसरा अर्धा. लगेच खायचं नाही. बटर पेपरमध्ये घट्ट गुंडाळायचं आणि एक मिनिट ठेवायचं. आतली वाफ आत राहते. चीज अंड्याच्या उष्णतेने वितळून दोन्हीकडे चिकटतं, पावाची वरची बाजू मऊ पडते, आतली खरखरीत राहते. सगळं मिळून एक वस्तू होते. काउंटरवर गुंडाळून देतात ते नुसतं नेण्यासाठी असं आपल्याला वाटतं. पण तो कागद शिजवतोही.

एक मिनिट, दोन मिनिटं. पाच नव्हे. पाचनंतर तीच वाफ पाणी होते.

आणि वर्तमानपत्राचा कागद नको. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने 2016 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये बजावलंय की छपाईच्या शाईतली रसायनं अन्नात उतरतात. गरम आणि तेलकट पदार्थात तर अधिकच. हे सदर वाचून झालं की अंक रद्दीत ठेवा. त्यात पाव गुंडाळू नका, भजीही नको.

इथवर कृती. पण खरं घोडं पेंड खातं ते पुढे.

परवा एका मैत्रिणीकडे नाश्त्याला गेले होते. टेबलाभोवती पाच जण, ती ओट्याशी. एकेक अंडं फोडतेय, एकेक सँडविच पाठवतेय. ‘गरम आहे तोवर घ्या गं.’ सगळे घेत होते. दोघांनी दुसरंही मागितलं. ती बसली तेव्हा आमचे चहा झाले होते. तिच्या बशीतलं सँडविच मी पाहिलं. चीजवर मेणासारखी साय धरलेली, पावाचा तळ ओला, बलक भुसभुशीत. तिने ते चार घासांत संपवलं आणि उठून तवा घासायला घेतला.

चव कशी होती, असं तिला कोणी विचारलं नाही. मीही नाही. घरी आल्यावर सुचलं.

आपल्या घराघरांत हेच चालतं. पोळी असो, थालीपीठ असो, डोसा असो. तव्यावरचं गरम सगळ्यांना, तव्याशी उभी तिला गार. भाकरी तरी गार झाली की भाकरी राहते. अंड्याचं सँडविच दहा मिनिटांत संपलेलं असतं.

फास्ट फूडचं सगळं आपण उचललं. सॉस उचलले, खोके उचलले, मुलांच्या वाढदिवसाच्या टोप्या उचलल्या. त्यांच्या स्वयंपाकघराची रचना मात्र कोणी उचलली नाही.

मॅकडोनाल्ड बंधूंनी 1948 मध्ये सॅन बर्नार्डिनोमधलं आपलं चालू दुकान बंद ठेवून ते नव्याने मांडलं. लांबलचक यादी कापून टाकली. पुढे नवं स्वयंपाकघर बांधायचं ठरलं, तेव्हा टेनिसच्या मैदानावर खडूने त्याचा आराखडा काढला, कामगारांना त्यात उभं केलं आणि कोण कुठे वळतो, कोणाचा हात कोणाला आडवा येतो ते पाहत रेषा बदलल्या. भाजणारा वेगळा, पाव लावणारा वेगळा, गुंडाळणारा वेगळा.

एकाच माणसाने सगळं करायचं नाही, हा त्या धंद्याचा पाया. आपल्या घराचा पाया नेमका उलटा.

रचना किती महत्त्वाची ते त्यांनाही पुन्हा शिकावं लागलं. अमेरिकेत 2015 च्या ऑक्टोबरात त्यांनी दिवसभर नाश्ता द्यायला सुरुवात केली. गिऱ्हाईक खूश, स्वयंपाकघर हैराण. अंड्याला लागणारी आच वेगळी, बर्गरला लागणारी वेगळी, जागा तेवढीच. 2020 च्या मार्चमध्ये करोनाच्या दिवसांत ते बंद केलं. एवढी बलाढ्य साखळी दोन प्रकारच्या तव्यांपुढे थांबली.

आणि घरी एकटी बाई चार प्रकार एका तव्यावर काढते, त्याची आपण दखलही घेत नाही.

म्हणून इडलीपात्र. ते मी गंमत म्हणून सुचवलेलं नाही. एका ताटलीत चार अंडी, एकाच वेळी सुरू, एकाच वेळी तयार. पहिला आणि चौथा असा फरकच उरत नाही. यंत्राने वीस मिनिटं घेतली असती, तव्याशी कोणीतरी उभं राहिलं असतं. वाफेला उभं राहावं लागत नाही.

उरलेल्या कामांना हात लागतात, आणि हात घरात भरपूर असतात. एकाने अंड्यांकडे बघायचं. दुसऱ्याने पाव फाडून, लोणी लावून तव्यावर धरायचा. तिसऱ्याने कागद कापून, चीज सोलून ओळीने मांडून ठेवायचं. अंडी फोडणाऱ्याने हात साबणाने धुतल्याशिवाय पावाला हात लावायचा नाही, कारण कच्च्या अंड्याच्या कवचावर साल्मोनेला असू शकतो. म्हणजे कामं वाटून घेणं आरोग्यालाही धरूनच आहे. चौथी व्यक्ती, जिने आठवडाभर सगळ्यांचे डबे भरले, तिने काय करायचं?

बसायचं.

आठ वर्षांचं मूल कागद कापू शकतं. चौदा वर्षांचा मुलगा पाव भाजू शकतो. ज्याला मोबाइलवर ‘सिक्रेट रेसिपी’ सापडते, त्याला इडलीपात्रात पाणी घालता येतं. ‘मला जमत नाही’ हे उत्तर पंचेचाळिशीच्या पुरुषाकडून ऐकून घ्यायचे दिवस गेले. जमत नाही तर शिका. सहा मिनिटांचं काम आहे.

आमच्या घरी गेले पाच रविवार हे असंच चाललंय. पहिल्या रविवारी पाव करपला. दुसऱ्या रविवारी ताटलीची भोकं कोणी पाहिली नाहीत आणि दोन अंडी पाण्यात गेली. तिसऱ्या रविवारी सव्वानऊला चार पुड्या टेबलावर एकदम आल्या. कागद उघडताना चारही पुड्यांतून वाफ निघाली. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि चीजची तार ओढली गेली. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. म्हणाल्या, ‘इतकं गरम मी कितीतरी वर्षांत खाल्लं नाही.’

या रविवारी चार अंडी, चार पाव, चार चकत्या आणि एक कागदाची गुंडाळी आणा. जी रोज ओट्याशी उभी असते, तिला खुर्चीत बसवा आणि पहिली पुडी तिच्या हातात द्या.